बायपासवरचं कॉलेज

आमचं कॉलेज आधी बसस्टँडच्या मागे होतं. स्टँडच्या भिंतीला कुणीतरी कधीकाळी पाडलेलं एक भगदाड होतं. त्यातून बाहेर पडलं की एक पानठेला, एक झेरॉक्सचं दुकान आणि मग आमचं फाटक. फलाटावरून वर्गात यायला तीन मिनिटं पुरत. मी तिथं भूगोल शिकवायचो. खिडक्या उघड्या असल्या की स्टँडवरचा भोंगा थेट वर्गात ऐकू येई. मी फळ्यावर मोसमी वाऱ्यांच्या दिशा काढत असायचो आणि तिकडून बाईचा आवाज यायचा, झरी जामणीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. लगेच मागच्या बाकांवरच्या पाच-सहा मुली वह्या मिटायला लागायच्या. मला राग यायचा. या पोरी माझ्यापेक्षा त्या भोंग्याचं जास्त ऐकतात असं वाटायचं.

मग संस्थेला एका सभासदानं बायपासलगतचं शेत दान दिलं. इमारत मोठी होईल, मैदान होईल, गाड्या लावायला जागा मिळेल, म्हणून सगळे प्राध्यापक खूष झाले. जागा योग्य आहे का, यावर एक टिपणी जोडावी लागणार होती. प्राचार्य मला म्हणाले, "सर, तुम्ही भूगोलाचे. तुम्हीच लिहा."

मी लिहिली. चार पानं. मातीचा प्रकार, पाण्याचा निचरा, वाऱ्याची दिशा, आवाजाचा त्रास, सगळं व्यवस्थित मांडलं. विद्यार्थी येणार कसे, यावर एकच वाक्य लिहिलं: 'शहराची वाढ याच दिशेने होत असल्याने बससेवा लवकरच उपलब्ध होईल.' हे वाक्य लिहिण्याआधी मी आगारात कुणालाही विचारलं नव्हतं. आगार भिंतीपलीकडं होतं. विचारायला पाच मिनिटं लागली असती.

आणखी एक गोष्ट टिपणीत नव्हती. त्या शेतापासून दोन बांध सोडून एक नवा ले-आउट पडला होता आणि त्यात माझा प्लॉट होता. घर स्लॅबपर्यंत आलं होतं. हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

विचारणारा एकच माणूस निघाला, आमचा जुना शिपाई. तो स्वतः रोज बसनं यायचा. टिपणीच्या प्रती काढायला दिल्या तेव्हा त्यानं ती उभ्या उभ्या वाचली.

"सर, पोरी कशा येतीन तिकडं?"

"गाव तिकडंच वाढून राह्यलं, भाऊ. बस बी येईन."

"येईन म्हनता. पन आनन कोन?"

"होते ते आपोआप," मी म्हणालो आणि प्रती घेऊन गेलो.

पुढच्या वर्षी कॉलेज हललं. त्याच सुमारास आम्ही नव्या घरात राहायला गेलो. घर ते कॉलेज सात मिनिटं. माझी कार आठवडा-आठवडा घरच्या शेडखाली उभी राहायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. हवामानबदलाचा पाठ शिकवताना मी तो बोलूनही दाखवायचो. गाव कसं असावं, यावर तास-तास बोलायचो. शाळा, दवाखाना, बाजार, स्टँड एकमेकांजवळ असावेत. माणसाला बसनं आणि पायी आपली कामं उरकता यावीत. गाव शेतांत पसरत गेलं की प्रत्येकाला स्वतःची गाडी लागते, धूर वाढतो, आपला उन्हाळा आणखी कडक होतो. हे सगळं खरंच होतं. मी ते बायपासवरच्या वर्गात उभा राहून सांगत होतो. "मी स्वतः पायी येतो," असं म्हणून पाठ संपवायचो.

स्टँडपासून नवं कॉलेज चार किलोमीटर होतं. ऑटो होते, पण भरल्याशिवाय ते हलत नसत. ज्यांच्या घरी जमलं त्या मुलांनी मोटारसायकली घेतल्या. सायकलींसाठी बांधलेली शेड वर्षभरात मोटारसायकलींनी भरली. उरलेल्या मुली ओढणी तोंडाला गुंडाळून बायपासच्या कडेनं रांगेत चालत यायच्या. बाजूनं कापसाचे ट्रक जायचे. पहिल्या तासाला त्या घामेजून, धुळीनं भरून यायच्या, आणि मी उशिराची खूण हजेरीत न चुकता करायचो.

त्यांतली एक दुसऱ्या वर्षाला होती. झरी जामणीकडच्या एका पोडातली, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. वस्तीवरून पायवाटेनं डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून बस, आणि स्टँडवरून आमच्यापर्यंत पुन्हा चालणं. नकाशात ती फार हुशार. समोच्चरेषांवरून उतार ओळखायचा सराव असला की बाकीचे पट्टी शोधेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. "पानी इकडून उतरन, सर," असं बोट ठेवून सांगायची. मला ती आवडायची, म्हणजे शिक्षकाला चांगला विद्यार्थी आवडतो तशी. म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातं.

प्रॅक्टिकल दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते पाच असायचं. तिची शेवटची गाडी स्टँडवरून सव्वापाचला सुटायची. एका मंगळवारी ती टेबलाजवळ आली.

"सर, मी चार वाजता गेली तं चालन का? गाडी सुटते माही."

वर्ग ऐकत होता. मला नेमकं तेव्हाच काहीतरी चटकदार बोलावंसं वाटलं. "बस तुझ्यासाठी थांबत नाही ना? मग प्रॅक्टिकल पण थांबणार नाही," मी म्हणालो. पोरं हसली. तीही थोडं हसली आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. पाचला सुटल्यावर ऑटो लगेच भरला तर तिला गाडी मिळायची.

त्या हिवाळ्यात कॉलेजची तपासणी होती. बाहेरून समिती येणार होती. पर्यावरणासाठी कॉलेज काय करतं, याचा एक वेगळा रकाना होता आणि तो माझ्याकडं आला. मी एक फॉर्म तयार केला: तुम्ही कॉलेजला कसे येता? तो मी कला शाखेच्या मुलींच्या दोन वर्गांतच भरून घेतला. वाणिज्यच्या मुलांना दिला असता तर मोटारसायकली दिसल्या असत्या. हे मी समजून-उमजून केलं. त्यावरून मोठा तक्ता रंगवून घेतला, हिरव्या रंगात: 'आमचे विद्यार्थी बसने व पायी येतात.' खाली पानाचं चित्र.

समिती आली त्या दिवशी मी सभागृहात हा तक्ता समजावून सांगितला. समितीतल्या एक बाई मनापासून ऐकत होत्या. मला वाटलं, एखादं उदाहरण द्यावं. मी त्या पोडातल्या मुलीला उभं केलं.

"ही मुलगी रोज चालत येते," मी म्हणालो.

बाईंनी तिला विचारलं, "बेटा, चालायला आवडतं तुला?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही, मॅडम. आवडते म्हनून कोनी चालत नाही. पयले कॉलेज स्टँडपाशी होतं, तवा आमाले चालाच लागत नोतं. आता बसच येत नाही इकडं." मग तक्त्याकडं बघून विचारलं, "हे आमचं चालनं बी त्याच्यात मोजलं का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्राचार्य माझ्याकडं पाहू लागले. आणि मी हसलो. "चालल्यानं तब्येतही चांगली राहते," असं म्हणून पुढच्या तक्त्याकडं वळलो. लोक हसले, वेळ निभावली. ती तशीच उभी होती. तिला खाली बसायला सांगायचं मी विसरलो. शेजारच्या मुलीनं हात ओढून तिला खाली बसवलं.

समितीनं आमचं कौतुक केलं. तक्ता त्यांच्या अहवालात छापून आला. त्यानंतर वर्गात मी तिच्या बाकाकडं बघायचं टाळू लागलो. प्रश्न विचारला आणि तिचा हात वर असला तरी दुसऱ्याचं नाव घ्यायचो.

नंतर ती दिसेनाशी झाली. मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही हजेरीची बेरीज करताना. शिपायाला विचारलं तर तो माझ्याकडं बघतच राहिला.

"तुमाले मालूम नाही का? तिची गाडी चुकली होती त्या शुक्रवारी. स्टँडवर बसून होती बिचारी. बाप शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन न्याले येत होता. जंगलात रानडुक्कर आडवं गेलं. पाय मोडला त्याचा."

"कोणत्या शुक्रवारी?"

"तुमचं प्रॅक्टिकल होतं त्या," तो म्हणाला आणि घंटा द्यायला निघून गेला.

दोन दिवस मी स्वतःला बरंच काही समजावलं. नियम सगळ्यांना सारखा असतो. रानडुकराला मी काय करणार? तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, प्रॅक्टिकल पाचच्या ठोक्याला संपवलं आणि मुलींच्या मागोमाग स्टँडकडं चालायला लागलो. गाडीनं हा रस्ता मी शेकडो वेळा केला होता. पायी त्याला कुठं सावली नाही, कडेला पाय ठेवायला धड पट्टी नाही, हे मला पहिल्यांदा दिसलं. ट्रक आला की मुली न सांगता काळ्या मातीत उतरायच्या आणि पुन्हा वर यायच्या. मी जमेल तेवढा झपाट्यानं चाललो. स्टँडवर पोचलो तेव्हा झरीची गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. फलाटावर आमच्याच कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. मला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. पाणी प्यायलो आणि ऑटो करून घरी आलो.

शनिवारी दुपारच्या गाडीनं तिच्या गावाला गेलो. खिडकीपाशी बसलो होतो. ढाणकीजवळच्या आमच्या खेड्यातून मी उमरखेडला शिकायला असाच जायचो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. आजोबांनी छप्पन्नच्या लाटेत धम्म घेतला तेव्हापासून घरात एकच बोलणं, पोराला शिकवायचं. पण शिकवायचं म्हणजे पोरगं पोचलं पाहिजे. गावात सकाळी एक गाडी यायची आणि संध्याकाळी तीच परत आणून सोडायची. बाबा रस्त्यावर उभे राहून ड्रायव्हरला हात करायचे, पोरगं येऊन राह्यलं, थांबा म्हणून. आणि ड्रायव्हर थांबायचा. ही गोष्ट मी भाषणांतून कितीदा सांगितली असेन. टिपणी लिहिताना मात्र ती मला आठवली नव्हती.

डांबरी रस्त्यापासून पोडापर्यंत अर्धा तास चाललो. घर सारवलेलं, स्वच्छ. वडील बाजेवर होते, पायाला प्लास्टर. आई आणि ती शेतात कापूस वेचायला गेल्या होत्या. शेजारच्या म्हातारीनं हाक मारून त्यांना बोलावलं. ती कमरेला वेचणीची ओटी बांधूनच आली आणि मला पाहून दारातच थबकली.

"सर आले, पानी दे," वडील म्हणाले. मला म्हणाले, "पाय बरा झाला का येईन जी ते. आता वेचाले मानूस नाही."

मी म्हणालो, "माझी चूक झाली. तिनं लवकर जाऊ का विचारलं होतं, मी नाही म्हणालो. कॉलेज तिकडं नेलं तेही माझ्याच लिहिण्यावरून."

त्यांना नीट कळलं नसावं. त्यांनी मुलीकडं पाहिलं. तिनं कोलामीत त्यांना काहीतरी सांगितलं, मी बोललो होतो त्यापेक्षा बऱ्याच कमी शब्दांत. ते हसले आणि हात हलवून म्हणाले, "तुमचं काय चुकलं जी? मोटारसायकल माह्याच हातानं पडली."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आईनं चहा केला. घोट घेतोय तोच आई मुलीला म्हणाली, सरले गाडी भेटली पायजे, उशीर नको करू, रस्त्यापर्यंत सोडून दे.

पायवाटेनं आम्ही दोघं चाललो. ती पुढं, मी मागं. मग तीच म्हणाली, "सर, मी त्या दिवशी मॅडमसमोर वाईट बोलली का?"

"का गं?"

"तवापासून तुमी माह्याकडं पाहेच ना. मले वाटलं, तुमाले राग आला. मी माफी मांगाले येनार होती, पन मंग हे बाबाचं झालं."

मी थांबलो. तीही थांबली. "राग आला होता," मी म्हणालो. "पण तू खरं बोललीस म्हणून आला होता. माफी मी मागायला पाहिजे. तुझ्याकडं बघायची मला लाज वाटत होती."

ती पायानं माती उकरत उभी राहिली. शिक्षकानं असं बोललेलं तिला आवडलं नसावं. मग म्हणाली, "मंग आता काय करसान?"

"बस आणायचा प्रयत्न करतो."

"आनसान तं नुसती सकाळची नका आनू, सर. सकाळी कसाबी पोचते मानूस. संध्याकाळची पायजे. वापस याची."

गाडी आली. तिनंच हात केला.

प्राध्यापकांच्या पुढच्या बैठकीत मी माझी टिपणी मोठ्यानं वाचून दाखवली आणि ते एक वाक्य मी न विचारता लिहिलं होतं, हे सांगितलं. प्लॉटचंही सांगितलं. फॉर्म कुणाकडून भरून घेतला तेही. प्राचार्य म्हणाले, "झालं ते झालं, सर. आता हे कशाला उकरता?" एक सहकारी नंतर पायऱ्यांवर मला म्हणाला, "स्वतःले साफ कराले आमाले कायले चिखलात ओढता?" त्याचंही अगदी चुकीचं नव्हतं. बोलून मला हलकं वाटलं होतं, आणि मुली त्या दिवशीही चालतच गेल्या होत्या.

आगारात गेलो. तिथले नियंत्रक माझ्याच वयाचे. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "सर, मागं आमच्या हापिसातून तुमच्या वर्गाची खिडकी दिसे. जागा ठरवाच्या आधी तिथून आवाज दिला असता तरी चाललं असतं." मग समजावून सांगितलं. गाडी तिकडं न्यायची तर ती वळवायला जागा लागते. आणि कॉलेजच्या दर्शनी भागात गाडी वळेल अशी एकच जागा होती, तिथं प्राध्यापकांच्या कारची शेड होती.

त्या शेडवरून दीड वर्ष गेलं. अर्ज, बैठका, पाहणी. ती काढायला लागली तेव्हा दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. प्रॅक्टिकल सकाळी घ्यायला मात्र कुणाची परवानगी लागली नाही. वेळापत्रकातली एक ओळ खोडली आणि झालं. ते मी कधीही करू शकलो असतो. शेवटी झरीकडची बस कॉलेजच्या फाटकातून जाऊ लागली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सुट्ट्यांत ती बंद होते आणि सुट्ट्या संपल्या की चालू होत नाही. मग पुन्हा अर्ज घेऊन जावं लागतं. मोटारसायकली काही कमी झाल्या नाहीत. एकदा घेतलेली गाडी कोण विकतो?

ती मुलगी परत आली नाही. वडिलांचा पाय बरा व्हायला तो सगळा हंगाम गेला आणि तिचं वर्षही गेलं. पुढं तिनं बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. मी नोट्स काढून पाकिटात घालायचो आणि सकाळी फाटकात आलेल्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचो. तो ते त्या वस्तीच्या फाट्यावर उतरवून द्यायचा. कधी पाकिटात वापस एखादा प्रश्न लिहून यायचा. एकदा तिनं समोच्चरेषांच्या माझ्याच नोट्समधली चूक काढून पाठवली होती, लाल पेनानं, नम्रपणे.

तिचं पदवीचं शेवटचं वर्ष संपलं तेव्हा गुणपत्रिका घ्यायला ती कॉलेजात आली. मी खिडकीतून तिला बसमधून उतरताना पाहिलं. कचेरीत जाऊन ती कागद घेऊन बाहेर आली आणि व्हरांड्यात मला भेटली. दुसरा वर्ग मिळाला होता. पहिला थोडक्यात हुकला होता. ती तासांना बसली असती, प्रॅक्टिकलला असती, तर तो हुकला नसता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी अभिनंदन केलं. पुढं काय, विचारलं. यवतमाळला एक कोर्स आहे, होस्टेल मिळालं तर जाईन, म्हणाली. मग तिनं विचारलं, संध्याकाळची गाडी किती वाजता आहे.

"साडेचार. अजून दीड तास आहे."

"मंग बसते लायब्ररीत," ती म्हणाली आणि गेली.

मला वर्ग होता. मी तो घेतला. तास संपवून खाली आलो तेव्हा गाडी येऊन उभी होती आणि मुली चढत होत्या. तीही त्यांच्यात होती. त्या मुलींपैकी कुणी तिला ओळखत नव्हतं. ती जागा धरून खिडकीशी बसली, आणि मी शिक्षकानं उभं राहावं तसा हात मागं बांधून गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.